अबिजानला जा, पण आधी मामांना भेट

मावशी, नमस्कार.

मी घानाची, कुमासीची. एम.कॉम.साठी पुण्यात होते तेव्हा कोंढव्यात दोन मराठी मुलींबरोबर राहायचे. त्यातली एक मला तुमचं सदर वाचून दाखवायची. हे पत्र मी इंग्रजीत लिहिलं, मराठी तिचं आहे.

सध्या राजधानी आक्रामध्ये एका मालवाहतूक कंपनीत हिशेबाचं काम बघते. कंपनी मला दोन वर्षांसाठी शेजारच्या आयव्हरी कोस्टमधल्या अबिजानच्या ऑफिसात पाठवू म्हणते. पगार जवळजवळ दीडपट. फ्रेंच जेमतेम येतं. शिवाय इथल्या घराचं दोन वर्षांचं भाडं आगाऊ भरलंय, त्यातलं एक वर्ष अजून शिल्लक आहे.

खरी अडचण घरची. माझं शिक्षण वोफांनी, म्हणजे मामांनी केलं. माझ्या मावशीच्या दोन मुलांची फी आता मी भरते. त्यावर दर शनिवारी कुणाचं ना कुणाचं मयत: प्रवास, कपडे, वर्गणी. सुसूवाला (तुमच्या पिग्मी एजंटसारखा रोज पैसे न्यायला येतो) महिनाअखेर रक्कम हातात देतो आणि त्याच आठवड्यात ती संपते. शाळेच्या मैत्रिणींचं मंडळ मला खजिनदार करायला निघालंय. मला मात्र एकदा लोमे, कोटोनू, अबिजान असं आसपासच्या देशांत किनाऱ्याने फिरायचंय, आणि हे सांगायचीही लाज वाटते. गेले तर म्हणतील, शिकली आणि पळाली. पुण्याची मैत्रीण म्हणते, परत इकडे ये. मी काय करू?

— कुमासीची लेक

प्रिय लेकी,

जा. हे आधी सांगून टाकते, कारण पत्र वाचून मला एवढं कळलं की जायचं तुझं ठरलेलंच आहे. फक्त कुणीतरी ते मोठ्याने म्हणायला हवंय. पण गेल्यावर घरची अडचण आपोआप सुटेल असं समजून जाऊ नकोस. ती तुझ्या आधी अबिजानला पोचेल.

नवऱ्याच्या बंदरातल्या नोकरीमुळे आम्ही बरीच वर्षं टेमाला होतो. (इतर वाचकांसाठी: टेमा हे आक्राजवळचं बंदराचं शहर. घानाचे पहिले राष्ट्राध्यक्ष एन्क्रुमा यांच्या काळात आखून बांधलेलं, म्हणून तिथल्या वसाहतींना नुसते नंबर: कम्युनिटी वन, कम्युनिटी टू.) त्यामुळे तुझ्या पत्रातलं बरंच काही मला समजावून सांगावं लागत नाही. आमच्या वाचकांना मात्र लागेल, आणि त्याशिवाय माझा सल्ला त्यांना उलटा वाटेल.

आमच्याकडे अशा पत्राला ठरलेलं उत्तर आहे. लग्न होईपर्यंत कर घरच्यांचं, मग तुझा संसार वेगळा. लेक परक्याचं धन, वगैरे. तुला याचा काडीचा उपयोग नाही. तुम्हा अकान लोकांत कूळ आईकडून चालतं. मूल आईच्या अबुसुआचं, म्हणजे आईच्या कुळाचं. वोफांची स्वतःची मुलं त्यांच्या अबुसुआत नाहीत, ती त्यांच्या बायकोच्या. वोफांच्या कुळात आहेस तू, तुझी आई, मावशी आणि मावशीची ती दोन मुलं. पूर्वी तर माणूस गेला की मालमत्ता भाच्याकडे जायची आणि बायको-मुलं रिकाम्या हाताने राहायची. 1985 च्या वारसा कायद्याने त्यांना वाटा मिळाला, तरी गावोगाव त्यावरून भांडणं होतातच. तेव्हा वोफांनी तुझ्या फीचे पैसे भरले ते परक्या पोरीवर उपकार म्हणून भरले नाहीत. कूळ पुढे न्यायचं ते तुलाच, मग तुलाच शिकवलं. आणि लग्न केलंस तरी तू आईच्याच घराची राहणार.

याचा दुसरा अर्थ असा की हे देणं संपणारं नाही. नवरा आला म्हणून थांबणार नाही, परदेशी गेलीस म्हणून थांबणार नाही. उलट परदेशी गेलेल्यांकडून, तुमच्या त्या 'बोर्गा' मंडळींकडून, जास्तच मागतात. जे देणं साठीपर्यंत द्यायचं त्याचा हप्ता आत्ताच्या पगाराला झेपेल असा बांधून घ्यायचा असतो. तू हिशेब विभागात काम करतेस, कंपनीच्या एका पावतीसाठी लोकांच्या मागे लागत असशील, आणि स्वतःच्या घरच्या खात्याला मात्र अंदाजपत्रकच नाही. मागितलं की देतेस. वर नाही म्हणता येत नाही म्हणून चिडतेस. माझ्या मते तुझं दुखणं एवढंच आहे, आणि ते आक्रात राहूनही बरं होणार नाही.

मयताचंच घे. आमच्या वाचकांनी पाहिलेलं नसतं म्हणून थोडं सांगते. तिकडे माणूस गेला की लगेच उरकत नाहीत. देह शवागारात आठवडे, कधी महिने राहतो. आठव्या दिवशी घरचे जमून तारीख ठरवतात. मग भिंतींवर, खांबांवर गेलेल्याच्या फोटोचे रंगीत पोस्टर लागतात, खाली नातेवाइकांची लांबलचक यादी. शनिवारी मांडव, भाड्याच्या प्लास्टिकच्या खुर्च्या, काळ्या-लाल कापडातली माणसं, ढोल, स्पीकरच्या भिंती. फार म्हातारं माणूस असेल तर दुसऱ्या दिवशी चर्चला पांढरं नेसून. आणि मांडवाच्या एका बाजूला टेबल. त्यावर दोन माणसं, एक पैसे मोजतो, दुसरा पावती फाडतो. नंतर माइकवर नाव आणि रक्कम वाचून दाखवतात. सगळं झाल्यावर घरचे हिशेबाला बसतात. जमा कमी पडली तर तूट अबुसुआतल्या माणसांवर वाटून टाकतात.

मयताला पावती मिळते हे पाहून मी सुरुवातीला चमकले होते. मग वाटलं, आमच्या गावच्या लग्नात आहेराची वही असते, लाउडस्पीकरवर 'अमुक तमुक यांच्याकडून एकशे एक' पुकारतात, त्यात तरी वेगळं काय आहे? वही आली की हिशेब आला, आणि हिशेबात बसवता येत नाही असं काही नसतं. तुझ्या फायद्याची बाब अशी की पावती ही हजेरी धरली जाते. माणूस आलं नाही तरी पाकीट येतं, नाव पुकारलं जातं, घरच्यांच्या वहीत चढतं.

आता तुझा खर्च बघ. तो वर्गणीत कमी आणि हजेरीत जास्त जात असणार. आक्राहून कुमासी अडीचशे किलोमीटर, जायला चार-पाच तास, यायला तेवढेच, नवीन कापड, शिलाई, आणि सोमवारी कामावर अर्धमेली. तेव्हा यादी कर. आईच्या घरातलं कुणी, वोफांच्या घरातलं कुणी, जिने तुला कडेवर खेळवलं ती बाई: इथे स्वतः जायचं, अबिजानहून सुद्धा. बाकी सगळ्यांना मोबाइल मनीने रक्कम पाठवायची, मावसभावाच्या हाती, आणि पावतीचा फोटो मागवून घ्यायचा. रक्कमही आधी ठरव: जवळच्याला इतकी, शेजाऱ्याला इतकी, कामावरच्याच्या चुलत्याला इतकी. हा कद्रूपणा नाही. तिथले चर्चवाले आणि काही पारंपरिक प्रमुख स्वतःच सांगत असतात की मयताचे खर्च आवरा.

एकूण किती? मी पगाराच्या पाचव्या हिश्श्यावर रेघ मारीन. त्यात आईचा महिना आला, मयतं आली, फी आली. दोन्ही मुलांची फी तू एकटीने भरायची हे कुणी ठरवलं, पत्रात दिसत नाही. बहुधा कुणीच ठरवलेलं नाही, एकदा भरलीस आणि ती तुझी झाली. एकाची ठेव. दुसऱ्याची अबुसुआने वाटून घ्यावी.

आणि त्या राहिलेल्या वर्षाच्या भाड्याचं दुःख करत बसू नकोस, त्यातच तुझी सोय आहे. तुमच्याकडे 1963 च्या भाडे कायद्याने सहा महिन्यांपेक्षा जास्त आगाऊ घेता येत नाही, तरी आक्रामध्ये वर्षा-दोन वर्षांचं एकदम घेतात आणि भाडेकरू देतात, कारण दुसरं घर तसंच मिळतं. घरमालक ते परत करील या आशेवर राहू नकोस. त्यापेक्षा त्याची लेखी परवानगी काढ आणि मावशीच्या मोठ्या मुलाला तिथे ठेव. पदवी झाली असेल तर नॅशनल सर्व्हिसचं, म्हणजे पदवीनंतर करायच्या राष्ट्रीय सेवेचं, वर्ष आक्राला मागून घेता येतं का ते त्याने बघावं. नसेल तर दुसरं कुणी भावंड असेलच. वर्षभराचं आक्रातलं घर ही तुझ्याकडून कुळाला भली मोठी वर्गणी आहे. ती तशीच, रकमेसकट, सगळ्यांसमोर सांगायची. संकोच करू नकोस, टेबलावरचा माणूसही माइकवर रक्कमच सांगतो.

हे सगळं वोफांना सांगायचं कसं? फोनवर नाही, आणि व्हॉट्सअॅपच्या कौटुंबिक ग्रुपवर तर नाहीच. तुझ्या लोकांत मोठ्या माणसाशी महत्त्वाचं बोलायचं तर मध्ये कुणी तरी घालतात, हे तुला मी सांगायला नको. आईला घेऊन जा, किंवा आईपेक्षा वोफा जिचं जास्त ऐकतात अशी एखादी म्हातारी असेल तर तिला. स्नॅप्सची, म्हणजे तुमच्याकडे मान म्हणून नेतात त्या दारूची, बाटली घेऊन जा. आधी पाणी, मग ख्यालीखुशाली, मग निरोप. निरोपाचा क्रमही सांगते: पहिल्यांदा आभार, मग अबिजानची बातमी, मग 'महिन्याला मी एवढे पाठवीन, घर अमक्याला देते, एकाची फी माझ्याकडे'. परवानगी मागू नकोस, आशीर्वाद माग. परवानगी मागितलीस की सभा भरते आणि सभेत सगळ्यांना मत असतं. आकडा सांगून थांबायचं. पुढे 'पण मला परवडत नाही हो' असं रडगाणं लावलंस की तो आकडा घासाघीशीला आला म्हणून समज.

'शिकली आणि पळाली' म्हणणारे म्हणतील. त्यांना तुझ्याच कुमासीची जुनी गोष्ट आठवून दे. अठराव्या शतकात गादीच्या भांडणातून राणी अब्ला पोकू आपली माणसं घेऊन असांते मुलखातून पश्चिमेला निघाली. आयव्हरी कोस्टमधले बाउले लोक स्वतःला तिचे वंशज मानतात. दंतकथेत कोमोए नदी वाट देईना तेव्हा तिने आपलं मूल नदीला दिलं. सांगणारे तिथे गहिवरतात. मला त्या त्यागापेक्षा पुढचं महत्त्वाचं वाटतं: ती गेली तिथे अकान बोली आणि आईकडून मोजायची नाती शिल्लक राहिली. अबिजानमध्ये तुला बाउले आणि आन्यी बायका भेटतील, त्यांच्या बोलण्यातले काही शब्द कानाला ओळखीचे लागतील. तुझ्या त्वी भाषेने ऑफिस चालणार नाही, पण बाजारात अगदीच परकी वाटणार नाहीस.

ऑफिसला फ्रेंच लागेल. हिशेबाचं फ्रेंच आणि बाजारातलं फ्रेंच ही दोन प्रकरणं आहेत, पहिलं लवकर येतं कारण आकडे आणि ठरलेले शब्द. आक्रामधल्या आलियान्स फ्रान्सेजमध्ये आजच नाव घाल. अबिजानला पोचल्यावर शिकवणीचा खर्च कंपनीने करावा हे करारात लिहून घे.

कराराचं आणखी. पगार सीएफए फ्रँकमध्ये मिळणार. तो युरोला बांधलेला आहे, एका युरोला 655.957 हा भाव ठरलेला. तुझी घरची देणी घानाच्या सेडीत. 2022 मध्ये सेडी कोसळला, डिसेंबरात महागाई 54.1 टक्क्यांवर गेली, तेव्हा फ्रँक कमावणारा राजा होता. 2025 मध्ये सेडी एकदम वर आला आणि तेच लोक बोटं मोडत बसले. म्हणून घरी पाठवायची रक्कम सेडीत ठरव, पण तुझ्याकडे त्याच्या तीन-चार महिन्यांची शिल्लक कायम ठेव. दुसरं, पेन्शन. आज तुझ्या मूळ पगारातून 5.5 टक्के कापले जातात आणि कंपनी वर 13 टक्के घालते. दोन वर्षं तिकडे गेल्यावर ते घानात चालू राहणार की तिकडच्या योजनेत जाणार, हे तोंडी ऐकून सोडू नकोस. 'बघू, करू' म्हणणाऱ्या साहेबाची दोन वर्षांनी बदली झालेली असते. तिसरं, परत येताना कुठल्या पदावर घेणार.

सही करायच्या आधी एकदा रस्त्याने जाऊन ये. हा तुझा हट्ट मला सगळ्यांत आवडला, आणि लाज वाटण्यासारखं त्यात काय आहे? आक्रा ते अबिजान साधारण साडेपाचशे किलोमीटर. केप कोस्ट, एल्मिना, ताकोराडी, एलुबोची सीमा, पलीकडे नोए. एल्मिनाला उतर. पोर्तुगीजांनी तो किल्ला 1482 मध्ये बांधला, वास्को द गामा कालिकतला पोचायच्या सोळा वर्षं आधी. गोव्यात त्यांचे किल्ले पाहून मी 'काय देखणे' म्हणत आले होते. एल्मिनाच्या तळघरात, जिथे माणसं जहाज येईपर्यंत कोंडून ठेवत, ते तोंडातून निघालं नाही.

1979 च्या इकोवासच्या, म्हणजे पश्चिम आफ्रिकेतल्या देशांच्या संघाच्या, करारापासून तुला शेजारच्या सदस्य देशांत 90 दिवस व्हिसा लागत नाही. फिरायला हे पुरे, नोकरीला वेगळे कागद, ते कंपनीने करायचे. पासपोर्ट आणि पिवळ्या तापाच्या लशीचं पिवळं कार्ड वेगळ्या पिशवीत ठेव. कागद पूर्ण असले तरी सीमेवर कुणी तरी हात पुढे करतोच. दिवसाउजेडी पोच, बसमधल्या बाजारकरणींच्या बरोबरीने रांगेत उभी राहा. त्या दर आठवड्याला जातात, कुठे थांबायचं आणि कुठे न थांबता चालायचं ते त्यांना पाठ असतं. मुलगी एकटी फिरते म्हणून कुणी नाक मुरडलं तर त्या बायकांकडे बोट दाखव. कुमासीच्या केजेतिया बाजारात टोमॅटो विकणाऱ्या बायकांची राणी, म्हणजे पुढारी, वेगळी, यामच्या कंदांची वेगळी, तिच्या शब्दाशिवाय भांडण मिटत नाही; त्या काय घरात बसून राण्या झाल्या?

वोफांच्या पिढीला प्रवास म्हटलं की धास्ती वाटते, त्याला कारण आहे. 1969 मध्ये घानाने परदेशी लोकांना बाहेर काढलं, त्यात नायजेरियाचे पुष्कळ होते. 1983 मध्ये नायजेरियाने लाखो घानावाल्यांना काही दिवसांत घालवलं. निळ्या-लाल चौकडीची ती मोठी पिशवी अजून 'घाना मस्ट गो' नावाने विकली जाते. वोफांच्या ओळखीत कुणी तरी त्या पिशवीनिशी परत आलेलं असणार. ते 'कशाला जातेस' म्हणाले तर वाद घालण्याआधी ते विचार. तासभर बोलतील.

खजिनदारकी घेऊ नकोस. दुसऱ्या देशात राहून दुसऱ्यांचे पैसे सांभाळायचे नसतात. त्यातून तुमची मंडळं पैसे ठेवतात कुठे, तर कुणाच्या तरी स्वतःच्या मोबाइल मनी खात्यात. त्या पोरीचा फोन हरवला, भाऊ आजारी पडला, की पन्नास मैत्रिणी आणि एक संशय. त्यांना सांग, खातं मंडळाच्या नावावर काढा, दोन सह्या ठेवा, मी वर्षातून एकदा हिशेब तपासून देईन. हे काम तुझ्या जोगं आहे आणि अबिजानहून होतं. एस्थर ओक्लू तुला ठाऊक असतीलच. शाळा संपल्यावर काही शिलिंगांच्या भांडवलावर संत्र्याचा मार्मालेड करून विकला, त्यातून एन्कुलेनू कंपनी उभी केली, शिकायला इंग्लंडला जाऊन परत आल्या. पुढे विमेन्स वर्ल्ड बँकिंग उभी करणाऱ्यांत त्या होत्या, आणि त्यांच्याबरोबर आमच्या अहमदाबादच्या, 'सेवा'च्या इला भट्ट. बायकांना कर्ज मिळावं म्हणून झटलेल्या या दोघी. गल्ल्याला दोन किल्ल्या हव्यात, हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नसतं.

पुण्याचं थोडक्यात. मैत्रिणीची माया खरी, पण भारतात नोकरीचा व्हिसा मिळायला सहसा वर्षाला 16.25 लाख रुपयांच्या वरचा पगार लागतो, तुझ्या अनुभवाला तेवढं लगेच कुणी देणार नाही. आणि घर शोधताना तुझ्या रंगाकडे बघून किती दारं बंद झाली असतील ते तू लिहिलं नाहीस, तरी मला कळतं; त्याला मी मुलामा देत नाही. तिला भेटायला ये. राहायला नको.

तुझ्या पत्रात एक गोष्ट राहिली: अबिजानला घरभाडं कंपनी देणार की पगारातून जाणार? तिथलं भाडं दीडपट पगारातला वरचा अर्धा भाग सहज खाईल. ते आधी विचार आणि मला कळव, मग पाचव्या हिश्श्याचा आकडा पुन्हा मांडू. आणि स्नॅप्स चांगल्यापैकी घे. हलकी नेलीस तर वोफा काही बोलायचे नाहीत, तुझी आई वर्षभर बोलेल.

— तुझी मावशी